बाजू बदलणारे शिखर: स्पिन-तरंगांवरून विखुरलेल्या प्रकाशाचे एक प्रकरण

सांगलीतील एका महाविद्यालयाच्या पदव्युत्तर भौतिकशास्त्र विभागात, एम.एस्सी. भाग दोनच्या प्रकल्पात झालेल्या एका चुकीची आणि तिच्या दुरुस्तीची ही नोंद आहे. प्रकल्पाचा मार्गदर्शक मी होतो आणि चुकीच्या मसुद्यावर पहिली सही माझी होती. त्यामुळे ही नोंद त्रयस्थाची आहे असे कोणी समजू नये. विद्यार्थिनीने लेखनास संमती दिली आहे, परंतु तिचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही.

प्रकल्प आणि मोजमापे

परमॅलॉय, म्हणजे साधारण ८० टक्के निकेल आणि २० टक्के लोखंड यांचा मिश्रधातू. त्याचा ३० नॅनोमीटर जाडीचा थर सिलिकॉनच्या तुकड्यावर चढवला होता. या थरातील स्पिन-तरंग प्रकाशाच्या साहाय्याने ओळखावेत आणि चुंबकीय क्षेत्र बदलले की त्यांची वारंवारता कशी बदलते हे तपासावे, असा प्रकल्पाचा विषय होता. चुंबकीय पदार्थातील अणूंचे चुंबकन एका दिशेत रांगेने उभे असते. त्यातील एकाचा तोल किंचित ढळला की शेजारचाही ढळतो, आणि ही डुलण्याची क्रिया तरंगाच्या रूपाने पुढे सरकते. फेलिक्स ब्लॉख यांनी १९३० मध्ये ही कल्पना मांडली. या तरंगाच्या ऊर्जेचा एक पुंज म्हणजे मॅग्नॉन.

अशा मोजमापासाठी लागणारा व्यतिकरणमापी (इंटरफेरोमीटर) आमच्या विभागात नाही आणि नजीकच्या काळात येण्याची शक्यताही नाही. विभागाची एक माजी विद्यार्थिनी परराज्यातील एका संशोधन संस्थेत काम करते. तिने तिथल्या उपकरणावर मोजमापे घेतली आणि आठ फाइली आम्हाला पाठवल्या. लेझर ५३२ नॅनोमीटरचा, आपतन कोन ४५ अंशांचा, आणि ज्या वाटेने प्रकाश आत गेला त्याच वाटेने परत येणारा प्रकाश टिपायचा, अशी मांडणी होती. चुंबकीय क्षेत्र थराच्या प्रतलात, पण आपतन प्रतलाला (येणारा किरण आणि पृष्ठभागावरचा लंब ज्यात असतात त्या प्रतलाला) काटकोनात ठेवले होते. क्षेत्राची मूल्ये चार होती, ०.०५ पासून ०.२ टेस्लापर्यंत, आणि प्रत्येक मूल्यासाठी क्षेत्राची दिशा एकदा सुलट, एकदा उलट. म्हणून फाइली आठ.

हे मोजमाप किती नाजूक असते ते सांगितल्याशिवाय पुढची चूक नीट समजणार नाही. हिरव्या लेझरची वारंवारता सुमारे ५६४ टेराहर्ट्झ असते, आणि स्पिन-तरंगामुळे तिच्यात पडणारा फरक असतो साधारण १४ गिगाहर्ट्झ, म्हणजे चाळीस हजारांत एक. सांगली-मिरज हे अंतर दहा किलोमीटर धरले, तर त्यात वीतभर फरक ओळखण्यासारखे हे काम आहे. शिवाय ज्या प्रकाशात काहीच बदल झालेला नाही तो कितीतरी पटींनी प्रखर असतो आणि त्याच्या झोतात ही क्षीण शिखरे बुडून जातात. जॉन सँडरकॉक यांनी १९७० च्या दशकात आरशांच्या जोड्यांमधून प्रकाश पुनःपुन्हा नेण्याची युक्ती विकसित केली, तेव्हा कुठे हे काम नित्याचे झाले. आज वापरात असलेल्या उपकरणात आरशांच्या दोन जोड्या असतात आणि प्रत्येकीतून प्रकाश तीन-तीन वेळा जातो. तरीही एका वर्णपटासाठी फोटॉन एकेक करून मोजत दीर्घकाळ बसावे लागते.

हाती आलेल्या वर्णपटात मधल्या, म्हणजे न बदललेल्या प्रकाशाच्या, रेषेच्या दोन्ही बाजूंना एकेक शिखर होते. क्षेत्र वाढवले की शिखरे मध्यापासून दूर जात होती: ०.०५ टेस्लाला सुमारे १३ गिगाहर्ट्झ, ०.२ टेस्लाला सुमारे १८. पृष्ठभागावरील ध्वनितरंगांचे शिखर क्षेत्र बदलल्याने हलत नाही. शिवाय स्पिन-तरंगावरून विखुरलेल्या प्रकाशाचे ध्रुवण, म्हणजे त्याच्या विद्युत क्षेत्राच्या कंपनाची दिशा, काटकोनात वळलेले असते, आणि फक्त असे वळलेले ध्रुवण जाऊ देणाऱ्या, आडव्या लावलेल्या विश्लेषकातूनही ही शिखरे टिकून होती. तेव्हा ती स्पिन-तरंगांचीच, याबद्दल कधीच वाद नव्हता. वाद निर्माण झाला तो त्यांच्या उंचीवरून.

मसुद्यातील स्पष्टीकरण

दोन शिखरांपैकी एक दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट उंच होते. मसुद्यात याचे कारण एका वाक्यात दिले होते: प्रकाशाची ऊर्जा घटते ती स्टोक्स बाजू आणि वाढते ती प्रतिस्टोक्स बाजू; ऊर्जा वाढण्यासाठी पदार्थात आधीच मॅग्नॉन हजर असावा लागतो, त्याची शक्यता बोल्ट्झमनच्या नियमाप्रमाणे कमी असते, म्हणून प्रतिस्टोक्स शिखर ठेंगणे.

वाक्य वाचायला निर्दोष आहे. रामन परिणामाच्या पाठात आम्ही हेच शिकवतो, आणि तिथे ते खरेही आहे. सिलिकॉनची ५२० प्रतिसेंटिमीटरची रेषा घेतली, तर सामान्य तापमानाला हा घटक एकास बारा इतका लहान येतो. विद्यार्थिनीने संदर्भ म्हणून वाचलेल्या जुन्या कामामुळेही गैरसमज पक्का झाला. स्पिन-तरंगांवरून होणारे प्रकाशाचे विकिरण फ्लुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये प्रथम दाखवले ते फेरस फ्लोराइडमध्ये. हा पदार्थ प्रतिलोहचुंबकीय (शेजारच्या अणूंचे चुंबकन परस्परविरुद्ध असलेला) आहे, ७८ केल्विनच्या खालीच त्याच्यात चुंबकीय क्रम येतो, आणि त्यातील मॅग्नॉनची वारंवारता दीड टेराहर्ट्झच्या घरात आहे. वीस-पंचवीस केल्विन तापमानाला एवढ्या वारंवारतेसाठी बोल्ट्झमनचा घटक खरोखरच मोठा फरक पाडतो. नियम बरोबर होता. तो आमच्या थराला लावणे चुकले होते.

मी मसुदा वाचला, वाक्य ओळखीचे वाटले आणि सही केली. ओळखीचे वाक्य तपासायचे राहून जाते, हे मी विद्यार्थ्यांना दर वर्षी सांगत आलो आहे.

एक केल्विन

चूक उघडकीस आली ती अंतर्गत सादरीकरणात, विभागातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या साध्या प्रश्नामुळे. त्यांनी विचारले, "या गुणोत्तरावरून थराचे तापमान किती येते, ते काढलेस का?" विद्यार्थिनी म्हणाली, "नाही सर, मोजमाप खोलीच्याच तापमानाला झालंय." ते म्हणाले, "मग काढूनच बघ. तीनशेच्या आसपास यायला पाहिजे."

गणित फळ्यावर दोन मिनिटांत झाले. एक गिगाहर्ट्झ म्हणजे तापमानाच्या भाषेत ०.०४८ केल्विन. क्षेत्र ०.१ टेस्ला असताना शिखर १४.५ गिगाहर्ट्झवर होते. त्याची ऊर्जा ०.७ केल्विनच्या तोडीची झाली. तीनशे केल्विनशी तिची तुलना केली तर दोन शिखरांच्या उंचीत पाव टक्क्याहूनही कमी फरक यायला हवा. उलट बाजूने पाहिले, म्हणजे दुप्पट उंचीला तापमानच कारण आहे असे धरले, तर थराचे तापमान येते एक केल्विन. सांगलीतच काय, द्रवरूप हेलियमच्या साध्या टाकीतही एवढे तापमान मिळत नाही, तिथे ४.२ केल्विन असते.

मॅग्नॉनच्या संख्येतून पाहिले तर हीच गोष्ट अधिक स्पष्ट होते. सामान्य तापमानाला या वारंवारतेच्या एकेका तरंगात सरासरी ४३० मॅग्नॉन आपोआपच असतात. स्टोक्स बाजूची तीव्रता त्या संख्येत एक मिळवून येते, प्रतिस्टोक्स बाजूची त्या संख्येइतकीच. ४३१ आणि ४३० यांच्यातला फरक या मोजमापात दिसूही शकला नसता. म्हणजे उंचीतील दुपटीचे कारण दुसरीकडेच शोधायला हवे होते.

उलटवलेल्या चार फाइली

प्रकरण येथेच मिटले असते तर ते एका चुकीच्या वाक्यापुरते राहिले असते. पण मी मूळ फाइली मागितल्या, तेव्हा विद्यार्थिनीने स्वतःहून सांगितले की चार फाइलींत तिने "दुरुस्ती" केली आहे. क्षेत्र सुलट असलेल्या चार फाइलींत उंच शिखर स्टोक्स बाजूला होते. क्षेत्र उलट असलेल्या चारही फाइलींत ते नेमके दुसऱ्या बाजूला, म्हणजे प्रतिस्टोक्स बाजूला होते. बोल्ट्झमनच्या नियमाने प्रतिस्टोक्स शिखर उंच असूच शकत नाही. म्हणून फाइल उतरवताना वारंवारतेच्या अक्षाचे चिन्ह उलटले असावे, असा तिने तर्क केला आणि स्प्रेडशीटमध्ये त्या चार स्तंभांना उणे एकने गुणले. आठही वर्णपट मग एकसारखे दिसू लागले. प्रबंधातील आकृतीत ते एकाखाली एक इतके नेटके बसले होते की मला ती आकृती विशेष आवडली होती.

तिचा हेतू लपवाछपवीचा नव्हता. उणे एकने गुणल्याची नोंद तिच्या वहीत तारखेसह होती, आणि त्या नोंदीमुळेच पुढचे सगळे सावरता आले. पण परिणाम असा झाला होता की चुकीच्या सिद्धान्ताने स्वतःच्या विरोधातला पुरावा आधीच दुरुस्त करून टाकला होता. सिद्धान्त तपासायचा त्या मोजमापांवर, आणि मोजमापे सुधारायची त्याच सिद्धान्तावरून, असे हे वर्तुळ होते.

अक्ष खरोखरच उलटला होता का, हे मात्र स्वतंत्रपणे ठरवणे भाग होते. माजी विद्यार्थिनीला विचारले तर ती अर्थातच नाही म्हणणार, आणि तिच्या शब्दावर विसंबणे म्हणजे एका गृहीतकाच्या जागी दुसरे ठेवणे. साक्ष वर्णपटातच सापडली. मूळ फाइलींत मध्यरेषेच्या उजवीकडे, शिखरांपासून बरीच दूर, एक अतिशय अरुंद आणि अंधुक रेषा होती. क्षेत्र बदलले तरी ती जागची हलत नव्हती. ती नमुन्यातून आलेली नव्हती. लेझरमधूनच मुख्य रेषेसोबत बाहेर पडणारी ती बाजूची रेषा होती. अशा रेषांना प्रयोगशाळेत भुताची रेषा म्हणतात आणि आकृती छापताना ती बहुधा कापून टाकतात. आमच्यासाठी मात्र ती मैलाचा दगड ठरली. आठही मूळ फाइलींत ती उजवीकडेच होती. "दुरुस्त" केलेल्या चार फाइलींत ती डावीकडे गेली होती. लेझरला नमुन्यावरचे क्षेत्र कोणत्या दिशेला आहे हे कळण्याचा काही संबंध नाही. तेव्हा अक्ष मुळात बरोबर होता आणि तो उलटवला होता तो आम्हीच. शिखर खरोखरच बाजू बदलत होते.

दोन बाजूंचे दोन निराळे तरंग

शिखराने बाजू का बदलावी, हे समजण्यासाठी ऊर्जेसोबत संवेगाचाही हिशेब मांडावा लागतो. मसुद्यात तो नव्हता. प्रकाश तिरपा येतो आणि आल्या वाटेने परत जातो, तेव्हा थराच्या प्रतलातील त्याचा संवेग एका दिशेकडून पूर्ण विरुद्ध दिशेला वळतो. स्टोक्स क्रियेत फोटॉन एक मॅग्नॉन निर्माण करतो आणि हा फरक त्या मॅग्नॉनच्या अंगी जातो; मॅग्नॉन प्रकाशाच्या पुढच्या दिशेने निघतो. प्रतिस्टोक्स क्रियेत फोटॉनला मागे वळवण्याचे काम आधीच असलेल्या मॅग्नॉनला करावे लागते, म्हणून तो समोरून येणारा असावा लागतो. आमच्या मांडणीत दोन्ही तरंगांची लांबी सुमारे ३७६ नॅनोमीटर होती, दिशा मात्र परस्परविरुद्ध. म्हणजे वर्णपटाच्या दोन बाजूंना एकाच तरंगाची दोन रूपे नसून दोन निराळे तरंग दिसतात: एक जाणारा, एक येणारा.

जाणारा आणि येणारा सारखेच असते, तर एवढ्या हिशेबाची गरज पडली नसती. सिलिकॉनच्या जाळीतील कंपनांना डावे-उजवे सारखेच असते. चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या थरात तसे नसते, कारण चुंबकनाचे डुलणे एकाच फिरकीने होते, आणि ती फिरकी क्षेत्राची दिशा ठरवते. क्षेत्राला काटकोनात धावणाऱ्या स्पिन-तरंगांचे गणित डेमन आणि एशबाख यांनी १९६१ मध्ये मांडले. त्यातून असे निघाले की एका दिशेने जाणारा तरंग थराच्या वरच्या पृष्ठभागाला धरून चालतो आणि उलट दिशेचा खालच्या पृष्ठभागाला.

वर्गात मी यासाठी सांगली-मिरज रस्त्याचे उदाहरण देतो. विश्रामबागेत रस्त्याच्या एका कडेला उभे राहिले, तर जवळून जाणारी वाहने सगळी मिरजेकडची असतात आणि सांगलीकडे येणारी पलीकडच्या कडेने जातात. रात्री हातात मिणमिणती बॅटरी असेल तर अलीकडचीच वाहने स्पष्ट दिसतील. उद्या सर्वांनी उजवीकडून चालावे असा हुकूम निघाला, तर तीच बॅटरी सांगलीकडे येणारी वाहने दाखवू लागेल. क्षेत्र उलटवणे म्हणजे हा हुकूम, आणि धातूत पंधरा-वीस नॅनोमीटरही धड न शिरणारा प्रकाश ही ती बॅटरी.

या उदाहरणाचा मोह पडतो, पण आमच्या थरासाठी ते अर्धेच लागू आहे. पृष्ठभागाला धरून राहण्याचे प्रमाण तरंगलांबीच्या तुलनेत थर किती जाड आहे यावर अवलंबून असते. तीस नॅनोमीटरच्या थरात वरच्या पृष्ठभागावरचा तरंग खालपर्यंत पोचतानाही साठ टक्के आयाम राखून असतो. रस्ता इतका अरुंद की दोन्हीकडची वाहने जवळजवळ मधूनच जातात. एवढ्याशा फरकावरून दुपटीचा खुलासा होत नाही, आणि विद्यार्थिनीने हा आक्षेप माझ्या आधी घेतला.

उरलेला भाग प्रकाश आणि चुंबकन यांच्या दुव्यात आहे. प्रकाशाचे चुंबकीय क्षेत्र स्पिनला थेट हलवते, अशी समजूत सहज होते. दृश्य प्रकाशासाठी ती क्रिया नगण्य आहे. खरा दुवा प्रकाशाच्या विद्युत क्षेत्रातून जातो: ते इलेक्ट्रॉनच्या कक्षेवर परिणाम करते, आणि कक्षा व स्पिन यांच्या आपसातील बंधनामुळे चुंबकनाची दिशा प्रकाशाच्या ध्रुवणावर उमटते. मायकेल फॅरडे यांनी १८४५ मध्ये काचेत आणि जॉन कर यांनी १८७७ मध्ये चुंबकाच्या पृष्ठभागावरील परावर्तनात जे वळलेले ध्रुवण पाहिले, त्याचेच हे सेकंदाला साडेचौदा अब्ज वेळा डुलणारे रूप आहे.

आता, डुलणाऱ्या चुंबकनाचे दोन घटक असतात, एक थराच्या प्रतलात आणि एक प्रतलाबाहेर. तिरप्या प्रकाशाशी दोन्ही जोडले जातात आणि विखुरलेल्या प्रकाशात दोघांचाही वाटा असतो. डुलणे एका रेषेत मागेपुढे नसून चपट्या लंबवर्तुळात फिरणारे असल्यामुळे या दोन घटकांत पाव आवर्तनाचा कलाभेद असतो, म्हणजे एक दुसऱ्याच्या पाव फेरा मागे असतो, आणि धातू प्रकाश शोषत असल्यामुळे त्यात आणखी कलाभेद मिसळतो. परिणामी एका बाजूच्या शिखरात दोन्ही वाटे एकमेकांना पूरक होतात, दुसऱ्या बाजूच्या शिखरात एकमेकांना खोडतात. क्षेत्र उलटवले की फिरकी उलटते आणि पूरक बाजू मारक होते. पातळ थरांसाठी हे सविस्तर गणित कॅम्ली, ग्रुनबर्ग आणि मायर यांनी १९८२ मध्ये दिले. यातील पेटर ग्रुनबर्ग यांनीच पुढे १९८६ मध्ये याच प्रकाश-विकिरणाच्या पद्धतीने लोखंड-क्रोमियम-लोखंड अशा थरांतील विरुद्ध दिशेचे चुंबकीय बंधन ओळखले. त्या वाटेवरच्या पुढच्या शोधासाठी, म्हणजे जायंट मॅग्नेटोरेझिस्टन्ससाठी, त्यांना आणि आल्बेर फर्ट यांना २००७ चे नोबेल मिळाले. आमच्या विद्यार्थ्यांना त्या शोधाचे नाव पाठ असते. त्याची सुरुवात कोणत्या उपकरणावर झाली हे मात्र क्वचित कोणाला माहीत असते.

पडताळणी

स्पष्टीकरण पटले तरी ते पुन्हा एक ओळखीचे वाक्य होऊ नये, म्हणून एक भाकीत आधी वहीत लिहून मग मोजमाप मागवले. क्षेत्र तसेच ठेवून नमुना क्षेत्राच्या अक्षाभोवती फिरवला आणि आपतन कोन उणे ४५ अंश केला, तर प्रकाशाच्या दृष्टीने जाणारा आणि येणारा तरंग अदलाबदल होतात. तेव्हा शिखराने बाजू बदलायला हवी. आणि कोन व क्षेत्र दोन्ही एकदम उलटवले, तर वर्णपट मुळासारखाच दिसायला हवा, कारण ते सगळ्या मांडणीला अर्धा फेरा देऊन पाहण्यासारखेच आहे. तापमानाच्या स्पष्टीकरणात अशा कोणत्याही बदलाला जागा नव्हती. तीन आठवड्यांनी दोन नव्या फाइली आल्या. पहिलीत शिखर प्रतिस्टोक्स बाजूला होते, दुसरीत परत स्टोक्स बाजूला. भुताची रेषा दोन्हींत उजवीकडे.

गुणोत्तराचे नेमके मूल्य गणिताने काढण्याचा प्रयत्नही विद्यार्थिनीने केला. तो आम्ही प्रबंधात निष्कर्ष म्हणून ठेवला नाही. परमॅलॉयचे प्रकाशीय स्थिरांक आणि पृष्ठभागावरील ऑक्साइडची जाडी यांत थोडा बदल केला की उत्तर दीडपासून अडीचपर्यंत कुठेही सरकत होते, आणि त्या दोन्ही गोष्टी आमच्या नमुन्यासाठी स्वतंत्रपणे मोजलेल्या नव्हत्या. हवे ते मूल्य निवडून दोन आणता आले असते. नुकत्याच उलटवलेल्या चार फाइलींनंतर तसे करण्याची दोघांचीही इच्छा नव्हती. शिखर कोणत्या बाजूला उंच असेल हे क्षेत्राच्या आणि कोनाच्या चिन्हांवरून ठरते, आणि तापमानाचा त्यातील वाटा पाव टक्क्याच्या आत आहे, एवढेच विधान केले.

तोंडी परीक्षेत बहिःस्थ परीक्षकांनी आकृतीकडे पाहून पहिलाच प्रश्न विचारला की उजवीकडची ती बारीक रेषा कसली, आणि ती काढून का टाकली नाही. विद्यार्थिनीने वहीचे ते पान उघडून त्यांच्यासमोर ठेवले.